शिकवायला म्हणून नेलेला ढोल

"आदिवासी मॅडम कुठे आहेत? आदिवासी मॅडम, समोर या."

माईकवरून. भरलेल्या मंगल कार्यालयात. तालुक्यातले गुरुजी आणि मॅडम रांगेनं खुर्च्यांवर बसलेले. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. माझ्या आमंत्रणावर माझं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. शाळेचं नाव होतं. साधन व्यक्ती असं लिहिलेलं होतं, म्हणजे शिक्षकांना शिकवणारी. माईकवर मात्र मी नुसती आदिवासी मॅडम झाले. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.

मी उठले. नाव घेईपर्यंत बसून राहायला हवं होतं. पण मी शहाण्या मुलीसारखी पदर सावरत उठले आणि समोर गेले.

शहरातल्या एका संस्थेच्या ताई तिथं उभ्या होत्या. प्रशिक्षण त्यांचंच होतं: स्थानिक संस्कृतीवर आधारित अध्यापन. बाई वाईट नव्हत्या, हेही सांगायला पाहिजे. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. त्यांनी पिशवीतून पिसांचा एक टोप काढला आणि प्रेमानं माझ्यासमोर धरला.

"मॅडम, हा घालाल का? जरा वातावरण तयार होतं."

आमच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, कोणी डोक्याला पिसं लावत नाही. माझी आई धानाच्या रोवणीला जाते तेव्हा डोक्यावर मोरा घेते, बांबूचा. पावसापासून वाचायला. बस, एवढंच आमचं शिरोभूषण. हे मी बोलले नाही. "नंतर घालते," म्हणाले. नाही, हा दोन अक्षरांचा शब्द डी.एड.ला मला कोणी शिकवला नव्हता.

दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, माझे मामा बसले होते. त्यांच्यासमोर ढोल.

मामा सख्खे नव्हेत. आम्हा गोंडांत माणूस भेटला की पहिला प्रश्न, किती देवाचे? आम्ही सात देवाचे, ते सहा देवाचे, म्हणजे आमची सोयरीक होते, म्हणून ते मामा. टोलीतला देवाचा ढोल त्यांच्याकडे. तो खुंटीवरून काढायचा तर टोली बसते, विचार करते. मग मामा काढतात. आणि आमच्या टोलीची एक रीत आहे. ढोल ज्यानं खुंटीवरून काढला, तो ढोल पुन्हा खुंटीला लागेपर्यंत जेवत नाही. पाणी चालतं. अन्न नाही. ढोल भुईवरही ठेवत नाहीत, खाली तणस लागते. मामांनी घरून धानाच्या तणसाचा पेंढा काखेत मारून आणला होता. सकाळी मंगल कार्यालयाचा झाडणारा माणूस ओरडलाच, "हा कचरा कोनं आनला बे?"

ढोल मीच मागितला होता. टोलीसमोर उभी राहून मागितला होता.

त्याचं असं होतं. आमची पोरं वर्गात गप्प असतात. दुसरे शिक्षक त्यांना मठ्ठ म्हणतात. मीही नवीन असताना तसंच समजत होते, गोंडाची असून. मग एकदा मामांना टोलीतल्या पोरांना ढोल शिकवताना पाहिलं. पोर आधी एक हंगाम नुसतं ऐकतं. कोणी त्याला विचारत नाही, आलं का रे? मग ते स्वतःच्या मांडीवर वाजवतं. मांडीवर नीट आलं की मग हात ढोलाला. आमच्याकडे चुकत चुकत, सगळ्यांसमोर बोलत शिकायची पद्धत नाही. आधी ऐकायचं, मग बोलायचं. वर्गातही पोरं तेच करत होती, आणि आम्ही त्यांच्या प्रगतिपत्रकावर 'प्रतिसाद नाही' असं लिहीत होतो.

मला हे सगळ्या तालुक्याला सांगायचं होतं. मामांच्या तोंडून, ढोल समोर ठेवून. मी टोलीला म्हणाले, शिकवायला नेते. मामांनी विचारलं, "गुरुजी लोकाईले आमी शिकवायचं?" मी म्हणाले, हो, तुम्हीच. त्या दिवशी ते लाजले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा सदरा शिवायला टाकला.

आमचा तास सकाळचा होता. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, प्रास्ताविक झालं. मग कळलं की मोठे साहेब येणार आहेत, ते आले की मगच 'आदिवासींचं सत्र' घेऊ. साहेब जेवणानंतर येणार. फागुन लागायचा होता तरी ऊन चढलं होतं. मामा दाराशी तसेच. मी आत खुर्चीवर, पंख्याखाली. माझ्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती. मी त्यांना दोनदा बोलावलं, ते म्हणाले, ढोल एकटा कसा ठेवू. तिसऱ्यांदा मी बोलावलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. तणसासकट ते पहिल्या रांगेत आले असते तर सगळ्यांनी पाहिलं असतं.

जेवणं सुरू झाली. ताई स्वतः ताट वाढून मामांकडे गेल्या. मसालेभात, जिलेबी, सगळं. "बाबा, जेवा." मामांनी हात जोडले. ताईंनी पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा हात जोडले. ताईंचा चेहरा उतरला. त्या माझ्याकडे आल्या.

"का हो मॅडम? आमचं अन्न चालत नाही का त्यांना?"

एका वाक्याचं काम होतं. ढोल घरी परत लागेपर्यंत ते जेवत नाहीत. बस. ताईंनी वहीत लिहून घेतलं असतं, कदाचित त्यांना आवडलंही असतं. पण आजूबाजूला माझे सहकारी होते. हातात ताटं, कान माझ्याकडे. मी शाळेत विज्ञान शिकवते. यांनी अंधश्रद्धा म्हटलं तर? स्टाफरूममध्ये वर्षभर पुरेल असा विनोद झाला तर?

मी म्हणाले, "नाही नाही, तसं काही नाही. त्यांची तब्येत बरी नाही."

मामा तीन हातांवर होते. त्यांनी ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पोटावर हात ठेवला आणि ताईंकडे बघून मान हलवली, हो, बरी नाही म्हणून. माझं खोटं त्यांनी झाकून घेतलं.

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, अशातली माझी गत. ही नोकरी मी गोंड म्हणून घेतली. जातवैधता समितीपुढे मी घडाघडा बोलले होते. किती देव, लग्न कसं लागतं, मेल्यावर काय करतात, नवं धान आलं की नवा कसा खातात. तिथं अंधश्रद्धा आठवली नाही. तिथं लाज वाटली नाही, कारण तिथं नोकरी होती. आणि इथं एका भुकेल्या म्हाताऱ्या माणसाची भूक खरी आहे एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. मी जिलेबी खाल्ली. दोन खाल्ल्या.

ऊन कलल्यावर साहेबांची गाडी आल्याची गडबड झाली. ताई धावत मामांकडे गेल्या.

"बाबा, साहेब उतरले की दारात ढोल सुरू करा. छान जोरात."

मामा म्हणाले, "हा ढोल मानसाच्या दारात वाजत नाही जी."

"अहो, थोडंच."

"नाही वाजत जी."

आमच्या शाळांच्या गटाचे केंद्रप्रमुख माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "मॅडम, त्याईले जरा तुमच्या भाषेत समजावून सांगा ना."

आमच्या भाषेत! केंद्रप्रमुख आणि मामा एकाच बोलीत बोलत होते, तीच बोली मी बोलते, तीच चपलांपाशी उभा असलेला झाडणारा बोलत होता. गोंडी आमच्या टोलीतून माझ्या आजीबरोबर गेली. मला मोजून काही शब्द येतात, तेही मोठेपणी गोळा केलेले. जी भाषा आमच्याकडून गेली, तीच वापरून आता मी माझ्या माणसाला वाकवायचं होतं.

आणि मी गेले. गेलेच. मामांजवळ उकिडवी बसले आणि म्हणाले, "मामा, थोडंसंच वाजवा. मंग आपन जाऊ."

मामांनी विचारलं, "तू सांगून राहिली?"

"हाव."

"बाई, तूच सांगून राहिली?"

मी खाली पाहिलं. मामांनी ढोलावरचा हात काढला. रागानं नाही, सावकाश काढला. उठले आणि बाजूला झाले. म्हणाले, "मंग तूच पाह्य आता."

ढोल तणसावर एकटा राहिला. तेवढ्यात आमच्याच केंद्रातले एक सर पुढे झाले, तरुण, हसतमुख, वरातीत नाचणारे. "सोडा हो, मी वाजवतो." त्यांनी ढोल उचलून गळ्यात अडकवला आणि बडवायला सुरुवात केली. डीजेच्या गाण्याचा ताल. लोकांनी टाळ्या धरल्या. दोघं-तिघं नाचायला लागले. ताईसुद्धा टाळ्या वाजवत होत्या. त्यांना वाटलं, प्रश्न सुटला.

मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

रामटेके मॅडम माझ्या बाजूला कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. शेजारच्या शाळेतल्या, बौद्ध घरातल्या. बोलायला तिखट, पण मला त्यांच्याइतकं जवळचं त्या केंद्रात दुसरं कोणी नव्हतं. त्या टाळ्यांच्या आवाजात माझ्या कानाशी म्हणाल्या, "माह्या आज्यानं पाटलाच्या दारात वाजवनं सोडलं, तवा मार खाल्ला होता. पन सोडलं ते सोडलं. आन तुमी आता सुरू करून राहिल्या? काहून?"

काहून. रामटेके मॅडमच्या आज्याला ते वाजवणं सोडून माणूस व्हावं लागलं. माझ्या मामांनी ते कधी कोणाच्या दारात वाजवलंच नव्हतं. ते काम आमच्या घरात मी आणलं, शिकलेल्या मुलीनं, प्रशिक्षणाच्या नावाखाली. माझ्या अंगाची लाही झाली. साहेबांवर नाही, ताईंवर नाही. माझ्यावर.

मी त्या सरांसमोर गेले आणि ढोलाच्या दोरीला हात घातला. ते हसत होते. "मॅडम, गंमत करून राहिलो ना, एवढं काय?" मी दोरी सोडली नाही. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि ढोल उतरवून दिला. दारात साहेब, हातात हार घेतलेल्या दोन मॅडम, आणि मध्ये मी, ढोल पोटाशी धरून. माईक तिथंच होता.

मी म्हणाले, "हे माझे मामा आहेत. त्यांची तब्येत चांगली आहे. हा ढोल घरी परत लागेपर्यंत ते जेवत नाहीत, ही आमच्या टोलीची रीत आहे. सकाळपासून ते उपाशी आहेत. मी तुमच्याशी खोटं बोलले, कारण मला तुमच्यासमोर लाज वाटली. हे इथं वाजवायला आले नव्हते. शिकवायला आले होते. आता ते जातील. आणि माझं नाव आदिवासी मॅडम नाही, ते आमंत्रणात लिहिलेलं आहे, वाचून घ्या."

मग साहेब म्हणाले, "अरे वा! छान, छान," आणि टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांच्यामागून सगळ्यांनी वाजवल्या. रामटेके मॅडमनी मात्र त्यांची पर्स उचलली आणि आमच्याबरोबर बाहेर पडल्या.

काळीपिवळी जीपमध्ये मामा ढोल मांडीवर घेऊन बसले. टोली जवळ आली तेव्हा एवढंच म्हणाले, "तनस राहून गेली वो तेथ." मी म्हणाले, उद्या आणते. ते म्हणाले, राहू दे.

लोकांना वाटतं, इथं गोष्ट संपली. रामटेके मॅडम अजूनही कोणाला सांगतात तेव्हा इथंच संपवतात, की पाहा कशी बोलली. मला ते ऐकवत नाही. कारण त्यानंतर टोली बसली.

देवाचा ढोल विनाकारण, परक्या हातानं, माणसाच्या दारात वाजला. तो तसाच वापरता येत नाही. धानाचा नवा येईपर्यंत त्याला विश्रांती. म्हणजे अख्खा उन्हाळा, सगळ्या लग्नांचा काळ, ढोल खुंटीला. मामांनी हे सांगितलं तेव्हा माझं नाव घेतलं नाही. परक्यानं वाजवला, एवढंच म्हणाले. ढोल कोणी मागितला होता हे सगळ्यांना माहीत होतंच.

त्या बैशाखात जमनाचं लग्न झालं. जमना माझी विद्यार्थिनी, पहिलीपासून. वर्गात सगळ्यात गप्प, आणि माझ्यानंतर बारावी करणारी टोलीतली पहिलीच मुलगी. मांडव उभा राहिला, डहाळ्या लागल्या, पाहुणे गोंदियाकडून आले. आणि जिथं ढोल वाजायचा तिथं मोहाडीहून आणलेला बँड वाजला, सिनेमातली गाणी. म्हातारी माणसं मांडवात बसून राहिली, कोणाचे पाय उचलेनात. जमनाची आई मला ताट द्यायला आली. ताट हातात दिलं आणि म्हणाली, "तुह्या परशिक्षनापायी माह्या पोरीचं लगन मुकं झालं, बाई."

शिवी दिली असती तर मी उलट बोलले असते. तिनं वरून भात वाढला. मी तो खाल्ला. साऱ्या मांडवासमोर बसून, घास घास गिळला. जमना हळदीच्या अंगानं माझ्या पाया पडायला आली तेव्हा मला मागं सरकावंसं वाटलं.

त्या उन्हाळ्यात मी माझ्यासारख्यांना शोधायला लागले. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी शाळेत होते. जिल्ह्याच्या त्या रेषेनं आमची बहुतेक माणसं तिकडं गेली, सोयरे तिकडं, जत्रा तिकडं, गोंड शिक्षकांची मंडळं तिकडं. भंडाऱ्याच्या बाजूला आम्ही उरलो विखुरलेले, एका केंद्रात एखादा. मी फोन करत सुटले. दिघोरीकडचे हलबा जमातीचे एक सर म्हणाले, त्यांना दर ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाला भाल्यासकट उभं करतात. तुमसरकडच्या एका गोंड मॅडमनी सांगितलं, स्टाफरूममध्ये त्यांना विचारतात, तुम्ही अजून शिकार करता का, आणि त्याही हसतात सगळ्यांबरोबर. एक नवीन लागलेला मुलगा तर म्हणाला, मॅडम, मी किती देवाचा ते मला ठाऊकच नाही, मग मी कसला गोंड? प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच आहोत, आणि दोष आपल्यातच आहे.

आम्ही रविवारी माझ्या शाळेच्या ओसरीत बसायला लागलो. सुरुवातीला नुसती रडगाणी. मग एकमेकांचे पाठ पाहायला लागलो. कोणाची पोरं गप्प, कोण काय करतं. एका रविवारी मामाही आले; त्या नवीन मुलाला त्यांनी त्याच्या आडनावावरून देव सांगितले, तेव्हा तो ओसरीतून उठून बाहेर जाऊन उभा राहिला. काही गोष्टी ठरल्या. बोलावणं आलं तर एकट्यानं जायचं नाही, दोघांनी जायचं, म्हणजे एकाची जीभ टाळ्याला चिकटली तर दुसरा बोलेल. टोलीतलं माणूस शिकवायला न्यायचं तर त्याला मानधन आणि खुर्ची आमच्याइतकीच. आणि त्याची जी रीत असेल ती आम्ही आधी, पहिल्या वाक्यात सांगायची. कोणाला हसायचं तर हसू द्यायचं.

रामटेके मॅडमही येतात. त्या म्हणतात, मी ऐकायला येते. ऐकत मात्र नाहीत, बोलतातच.

परवा केंद्रप्रमुखांचा फोन आला. आमचं काम त्यांच्या कानावर गेलंय. आवाजात साखर होती.

"मॅडम, आता तुमच्या टोलीतच प्रशिक्षण ठेवू. तुम्ही म्हणाल तसं. फक्त मार्चअखेरच्या आत उरकून घ्या."

मी म्हणाले, "मार्चमध्ये नाही जमणार सर. मोह पडून राहिला असते. पहाटेपासून अख्खी टोली मोहफुलं वेचायला जंगलात असते. मोह संपला की या."

"अहो, निधी परत जाईल ना!"

"जाऊ द्या."

"मॅडम, वर काय सांगू मी?"

"सांगा, टोलीले वेळ नाही."

नोकरी आहे, घर आहे, बदलीची भीती आहे. पण तारीख मी बदललेली नाही, आणि बदलणार नाही. मोह संपल्यावर मामा शिकवतील. आले तर गुरुजी लोक ओसरीत बसून ऐकतील. नाही आले तर आम्ही जेवढे आहोत तेवढे ऐकू.

नवा आला, ढोलाची विश्रांती संपली, तरी मी मामांची माफी मागितलेली नाही. दोनदा तोंडाशी आली होती. मामा लगेच म्हणाले असते, जाऊ दे वो बाई, आणि मनापासून म्हणाले असते. मी हलकी झाले असते. जमनाचं लग्न मात्र पुन्हा लागणार नाही. म्हणून मी ती मागणार नाही. हे ओझं माझ्याजवळच राहू दे. ते उतरलं की मी पुन्हा गोड बोलायला लागेन, मी मला चांगली ओळखते.